पासवाले आणि रूमवाले

जानेवारीतल्या पहाटे सायखेड्याच्या पुलावर धुकं असलं की गंगा दिसत नाही, नुसता तिचा वास येतो. ओल्या गाळाचा आणि कुजत आलेल्या पाणवेलींचा. गोदावरी हे नाव इथे भूगोलाच्या पुस्तकात आणि सरकारी पाट्यांवर. बोलताना ती गंगाच. ‘गंगेला पाणी आलं’, ‘गंगेपल्याड सोयरीक केली’. पलीकडे चांदोरी, अलीकडे सायखेडा आणि मधल्या पुलावरून रोज नाशिकला शिकायला जाणारी पोरं. कानटोपी, मफलर, पाठीला सॅक, सॅकच्या बाजूच्या कप्प्यात उभा खोचलेला डबा. निफाड तालुक्याची थंडी साऱ्या महाराष्ट्राला बातम्यांतून ठाऊक आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा दोन-तीन अंशांवर उतरला की पेपरात चौकट येते. त्या चौकटीतल्या थंडीत ही पोरं गाडीची वाट बघत उभी असतात. शेजारी ऊस उभा असला तर बिबट्याची धास्ती वेगळी. आमच्या वेळी बिबट्या एवढा नव्हता. बाकी सगळं हेच.

आमच्या वेळी म्हणजे १९९१ साली. बारावीचा निकाल लागला त्या आठवड्यात आमच्या मळ्यातल्या ओट्यावर एकाच विषयाचा खल चालला होता. पोराला कोणत्या साइडला घालायचं, हा तो विषय नव्हे; ते टक्क्यांनीच ठरवून टाकलं होतं. विषय असा, की पास काढायचा का रूम घ्यायची?

पास म्हणजे एसटीचा विद्यार्थी पास. तिकिटाच्या एक तृतीयांश पैशांत महिनाभर नाशिकला जा-ये. आण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, कल पासकडे होता आणि त्यात पैशांचा हिशोब निम्माच होता. पास काढला तर पोरगं पहाटे धारा काढून जाईल, संध्याकाळी येऊन बागेकडे एक चक्कर मारील, रात्रीची लाइट असली तर पाणी भरायला उभं राहील. रूम म्हणजे कॉटचं भाडं, मेसचे पैसे आणि घरातून एक माणूस कमी. माई काहीच बोलत नव्हती. ती रूमवर नेण्याच्या डब्याचं झाकण घट्ट बसतं का, हे बघत होती. म्हणजे तिचं मत तिने दिलेलं होतं.

शेवटी घरात दोन्ही झालं. चुलतभाऊ आणि मी एकाच वर्षी नाशिकच्या केटीएचएम कॉलेजला गेलो. तो कॉमर्सला, मी सायन्सला. त्याचं कॉलेज सकाळचं, दुपारी सुटलं की तो जेवायला घरी. माझी प्रॅक्टिकल्स संध्याकाळपर्यंत चालायची, परतीची गाडी हातची जायची. पहिली सहामाही मी कशीबशी पासवर काढली आणि दिवाळीनंतर एका वाड्यात कॉट घेतली. एका खोलीत चार कॉट, खिडकीत एकच बादली. आज तो सायखेड्यात आहे, त्याची द्राक्षबाग आहे. मी नाशिकला राहतो. मधल्या काळात मी नोकऱ्या बदलल्या, घरं बदलली, तरी आजचं माझं घर त्या कॉटपासून चालत वीस मिनिटांवर आहे. हे अंतर मी मोजलं तेव्हा मलाच जरा ओशाळल्यासारखं झालं. माणूस एवढा फिरला आणि फिरून किती लांब गेला, तर वीस मिनिटं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हे खूळ आहे. कोण कुठे शिकलं यावरून तो पुढे कुठे राहील हे सांगता येतं, असं म्हणतात. मला त्यात एक दुरुस्ती करावीशी वाटते. कोणत्या कॉलेजात शिकला हे नंतर विचारा. त्या तीन-चार वर्षांत रात्री कुठे झोपत होता, ते आधी विचारा.

आमच्या बारावीच्या वर्गाची मी आठवून आठवून यादी केली. आकडे देत नाही, कारण एका गावच्या एका वर्गावरून आकडे मांडणं म्हणजे शितावरून भाताची नव्हे, तर शेताची परीक्षा. पण ढोबळ चित्र असं दिसलं. पासवाले बहुतेक करून गोदाकाठीच राहिले. कुणी सायखेड्याच्या उपबाजारात कांद्याच्या आडतीवर, कुणी सोसायटीत, कुणी शाळेत, कुणी नुसता बागेत. रूमवाले बहुतेक गेले. हुशार ते गेले आणि ढ ते राहिले, असं गावात सर्रास म्हणतात. त्यात तथ्य नाही. आमच्या वर्गात पहिला आलेला पासवाला होता आणि तो आजही गावात आहे. दोन विषय राहिलेला एक रूमवाला पुण्यात तीन फ्लॅट राखून आहे.

हे असं का होतं, ते मला त्या वाड्यातल्या कॉटवर कळलं, पण त्याचं नाव तेव्हा माहीत नव्हतं. पासवाल्या मुलाला नाशिक दिसतं ते बसस्थानक, कॉलेजचं फाटक, झेरॉक्सचं दुकान आणि पुन्हा बसस्थानक एवढंच. त्याचं शहर दुपारी संपतं. रूमवाल्याला संध्याकाळचं नाशिक दिसतं. मेसचा मालक त्याला नावाने हाक मारतो. रात्री ताप आला तर कुठल्या डॉक्टरचं दार वाजवायचं, उधारीवर सायकल कोण दुरुस्त करून देतो, कुठल्या गल्लीत कुणाची बहीण राहते, हे त्याला माहीत असतं. पहिली नोकरी जाहिरातीतून मिळाल्याचं मी फार थोड्यांकडून ऐकलं. मला मिळाली ती शेजारच्या कॉटवरच्या मुलाच्या मामामुळे. मामा नाशिकचा होता. तो मालेगावचा असता तर हा लेख मी मालेगावात बसून लिहिला असता.

अमेरिकेत जेफ्री ग्रोएन नावाच्या अर्थतज्ज्ञाने २००४ साली हाच प्रश्न आकडेवारीने तपासला. ज्या राज्यात कॉलेज केलं, त्याच राज्यात माणूस पुढे राहतो का? उत्तर मजेशीर आहे. परिणाम आहे, पण माफक. राज्याने आपल्याकडे मुलं खेचली म्हणून ती सगळी तिथे टिकत नाहीत. मला ते पटतं, कारण तिथे राज्य म्हणजे केवढं तरी मोठं प्रकरण आणि तिथली मुलं एरवीही घर सोडतातच. आपल्याकडचा प्रश्न राज्याचा नाही, पुलाचा आहे. संध्याकाळी परत पूल ओलांडलास का?

*

खोली घेऊन शिकणं ही मुळात इथल्या माणसांनीच विचार करून काढलेली युक्ती आहे, हे आता विसरलं गेलंय. तेव्हा तिला रूम म्हणत नसत, बोर्डिंग म्हणत. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मग जातवार वसतिगृहांची रांगच लावली. नाशिकला १९१४ साली मराठा विद्या प्रसारक समाजाची, म्हणजे मविप्रची, स्थापना झाली. रावसाहेब थोरात आणि पुढच्या काळात भाऊसाहेब हिरे, काकासाहेब वाघ ही ती संस्था वाढवणारी नावं. आधी हाती घेतलं ते बोर्डिंग, उदाजी मराठा बोर्डिंग. त्याच्या इमारतीची कोनशिला बसवायला १९२० साली स्वतः शाहू महाराज नाशिकला आले होते. शाळा तर शहरात होत्याच. खेड्यातल्या पोराला अडत होतं ते रात्रीचं छप्पर आणि दोन वेळची भाकरी. कर्मवीर भाऊराव पाटलांनाही हेच उमगलं होतं. रयत शिक्षण संस्थेचा इतिहास शाळांइतकाच वसतिगृहांचा आहे.

गंमत अशी, की त्या बोर्डिंगांनी मुलं शहरात नेली आणि बऱ्याच प्रमाणात परतही पाठवली. कारण संस्था वाढल्या त्या खेड्यांत. मविप्रच्या शाळा तालुक्या-तालुक्यांत निघाल्या, आज संस्थेच्या शाखा चारशेच्या वर आहेत. बोर्डिंगात वाढलेला मुलगा मास्तर होऊन एखाद्या गावी रुजू व्हायचा आणि तिथलाच होऊन जायचा. आमचे हेडसर तसेच होते. मूळचे बागलाणाकडचे, शिकले नाशिकला, नेमणूक झाली गोदाकाठी, आणि निवृत्तीनंतर घर बांधलं तेही इथेच, गंगेच्या पूररेषेला खेटून. बोर्डिंगने त्यांना गाव सोडायला लावलं आणि नोकरीने दुसरं गाव दिलं. शहर मध्ये फक्त मुक्कामाला होतं.

याच्या उलट टोकाचं उदाहरण मराठवाड्यात आहे. डॉ. आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीमार्फत १९५० साली औरंगाबादला जे महाविद्यालय सुरू केलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलं. त्याच्या नागसेनवनातल्या वसतिगृहांत खेड्यापाड्यांतून आलेली दलित मुलं राहिली. त्यांतल्या अनेकांनी परत गावकुसाबाहेरच्या त्याच वस्तीत जायचं नाही, हे ठरवूनच पेटी उचलली होती. तिथे कॉलेजचं शहर हेच पुढचं गाव होणं ही सुटका होती. ‘पोरं शिकली की गाव सोडतात’ असा गळा काढणाऱ्यांनी आधी एवढं बघावं, की कुणासाठी गाव म्हणजे काय होतं. आमच्या मळ्याचा ओटा सगळ्यांच्या वाट्याला आलेला नव्हता.

खुद्द नाशिकही कॉलेजांमुळे बदललेलं शहर आहे. १९१८ साली स्थापन झालेल्या गोखले एज्युकेशन सोसायटीने १९२४ साली इथे कॉलेज काढलं. तेच आजचं एचपीटी. त्याच्या आसपास पुढे आणखी कॉलेजं आली. सिन्नरच्या विडीच्या धंद्यातलं नाव, भिकुसा यमासा क्षत्रिय, कॉमर्स कॉलेजवर लागलं, आणि बीवायके म्हणताना आज कुणाला विडी आठवत नाही. ज्या रस्त्यावर ही कॉलेजं, तो कॉलेज रोड. तिथल्या जागांचे भाव आता प्राध्यापकांनाही परवडत नाहीत.

पिंपळगाव बसवंतच्या एका वकिलांचा मुलगा याच एचपीटीत शिकला. पुढे सिनेमा, मग मुंबई-पुण्यात वर्तमानपत्रं असं बरंच काही करून परत नाशिकलाच आला आणि १९९९ साली इथेच गेला. कुसुमाग्रज. पिंपळगाव सायखेड्यापासून अर्ध्या-पाऊण तासावर. वि. वा. शिरवाडकर पिंपळगावला परतले नाहीत, जिथे कॉलेज केलं तिथे परतले. वसंत कानेटकरांचं तर त्याहून वेगळं. जन्म साताऱ्याकडचा, शिक्षण सांगलीला, आणि नाशिकशी संबंध आला तो एचपीटीत इंग्रजी शिकवायला आले म्हणून. तेही कायमचे नाशिककर झाले. कॉलेज जसं विद्यार्थ्याला धरून ठेवतं तसं मास्तरलाही.

*

केटीएचएम सुरू झालं १९६९ साली. गंगेच्या काठावर. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात नाशिकला जो महापूर आला, त्याची गोष्ट म्हातारी माणसं अजून सांगतात. आमच्या कॉलेजच्या मागून जे पाणी वाहतं, तेच पुढे रामकुंडावरून, टाकळीवरून फिरत फिरत आमच्या गावच्या पुलाखाली येतं. वाटेत दारणासांगवीला दारणा मिळते आणि पुढे नांदूरमधमेश्वरचा बंधारा अडवून धरतो, त्यामुळे आमच्याकडे पाणी चढतं लवकर आणि उतरतं उशिरा.

यातून रूमवाल्यांना एक काम आपोआप लागलं होतं, ज्याचा उल्लेख मी कुठे वाचलेला नाही. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आम्ही गोदाघाटावर दुतोंड्या मारुती बघायला जायचो. मारुतीच्या गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला पाणी, हे नाशिकचं पूर मोजायचं माप. ते बघून एसटीडी बूथवरून गावातल्या दुकानात फोन करायचा. ‘छातीला लागलंय’ एवढंच सांगायचं. पुढचं गावाला कळायचं. गंगेकाठच्या मोटारी वर ओढायच्या, जनावरं सोडायची, खालच्या आळीतल्या लोकांनी धान्य माळ्यावर टाकायचं. पाणी पोचायला काही तास लागायचे, तेवढा अवधी मिळायचा. चुलतभाऊ सांगतो, आण्णा माझा फोन आला की खूश व्हायचे. पूर येणार म्हणून नव्हे, तर रूमच्या भाड्याची कुठेतरी वसुली झाली म्हणून.

ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९, या दोन्ही पुरांत पुलाला पाणवेलींचा ढीग अडकला आणि गावात पाणी शिरलं. तेव्हा फोटो क्षणात मोबाइलवर येत होते, माझ्या फोनची गरज उरली नव्हती. पण २०१९ला मी नाशिकहून, भाऊ सायखेड्यातून आणि वर्गातले चौघे पुण्याहून एकाच व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्रभर जागे होतो, आणि माझ्या लक्षात आलं की पुण्याचे चौघे पाण्याची पातळी विचारत होते, तर भाऊ पाणी बघत होता. एकाने लिहिलं, ‘आमच्या घरात शिरलं का रे?’ भाऊने उत्तर दिलं, ‘तुमच्या ओट्यावरच उभा आहे.’

*

पुणे मध्येच कुठून आलं, असं वाटेल. सायखेड्याच्या मुलाला पुणं आडवाटेचं. चांदोरीच्या चौफुलीवर उभं राहिलं की हमरस्ता एका बाजूला नाशिकला जातो आणि दुसऱ्या बाजूला छत्रपती संभाजीनगरला. पुण्याला जायचं तर सिन्नर गाठून वळायचं. अंतराने संभाजीनगर पुण्यापेक्षा जवळ आहे. तरी आमची पोरं तिकडे जात नाहीत, आणि याचं कारण रस्त्यात नाही, विद्यापीठाच्या नकाशात आहे.

पुणे विद्यापीठ १९४९चं. मराठवाडा विद्यापीठ १९५८चं. १९९० साली जळगाव-धुळ्यासाठी वेगळं विद्यापीठ झालं. नाशिक, नगर आणि पुणे मात्र एकाच विद्यापीठात राहिले. आता अभियांत्रिकीच्या प्रवेशात ‘होम युनिव्हर्सिटी’ म्हणून एक भानगड असते. ७० टक्के जागा त्या विद्यापीठाच्या हद्दीत बारावी झालेल्यांना, ३० टक्के बाहेरच्यांना. म्हणजे सायखेड्याच्या पोराचं ‘होम’ पुणं. येवल्याच्या पोराचंही पुणं. आणि येवल्याला लागूनच असलेल्या वैजापूरच्या पोराचं होम संभाजीनगर. जिल्ह्याच्या हद्दीवरचा एक दगड ठरवतो की कोणत्या शहरात तुझी कॉट असणार. पुढे लग्न, फ्लॅट, मुलांची शाळा, आईवडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, सगळं त्या दगडाच्या अलीकडे नाही तर पलीकडे.

१९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना वाट करून दिली. नाशिकला काकासाहेब वाघांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज १९८४ साली निघालं, पंचवटीच्या बाजूला, आमच्या मुलांना पासवर जमेल असं. त्यामुळे आमच्या गोदाकाठी असे इंजिनिअर भेटतात, ज्यांनी चार वर्षं एसटीत अभ्यास केला. पण डिग्री झाल्यावर काय? हिंजवडी नाशिकला नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तिथे आयटी पार्क उभा राहिला आणि मग पुण्यात शिकलेला मुलगा नऱ्हे-आंबेगावच्या कॉटवरून सरळ वाकडच्या फ्लॅटवर गेला. नाशिकला पासवर शिकलेला मुलगाही शेवटी तिथेच पोचला, पण दोन-तीन वर्षं उशिरा आणि आधी ‘बघू, नाशकात काही मिळतं का’ असं करत. इथे माझा पासचा सिद्धांत तोकडा पडतो, हे मान्य केलं पाहिजे. ज्या शिक्षणाची नोकरी जवळपास नाही, त्याला पास काही बांधून ठेवत नाही. फार तर निघायला उशीर करतो.

जिथे नोकरी पासच्या अंतरात असते तिथे मात्र माणूस हलत नाही. ओझरला १९६४ साली विमानांचा कारखाना आला. एचएएल. सायखेडा-ओझर रस्त्याने कितीतरी आयटीआयवाले तिथे लागले आणि जन्मभर मळ्यातच राहिले. कारखान्यात मिग आणि घरी म्हशी, असा संसार आमच्याकडे नवलाचा नव्हता. नाशिककरांची पंचवटी एक्स्प्रेस हा त्याचाच मोठा भाऊ. १९७५पासून ती मनमाडहून मुंबईला जाते आणि पासधारकांची आख्खी पिढी तिने नाशिकमध्ये राखली. पहाटे निघायचं, मुंबईत काम करायचं, रात्री घरी. ते पासवाले आयुष्यभर पासवालेच राहिले. त्यांना मी मनातल्या मनात आमचे वडीलधारे मानतो.

शेतीची पदवी हा वेगळाच प्रकार. राहुरीला किंवा नाशिकच्या खासगी कृषी महाविद्यालयात हॉस्टेलवर राहून बीएस्सी ॲग्री केलेली पोरं चक्क परत येतात. कारण त्यांचं गिऱ्हाईक इथे आहे. एकट्या निफाड तालुक्यात द्राक्षाचा एवढा व्याप, की छाटणी, डिपिंग, डाऊनीचा स्प्रे कधी घ्यायचा हे सांगणारा माणूस लागतोच. त्यांतला एखादा कृषी सेवा केंद्र टाकतो, एखादा मोटारसायकलवरून बागा बघत फिरतो. चुलतभावाच्या बागेचा सल्लागार पंचविशीचा आहे, बी.एस्सी. होऊन आलेला. भाऊ त्याला ‘साहेब’ म्हणतो आणि मला म्हणतो, ‘तू सायन्स करून काय केलंस?’

परदेशातही शेवटी पास आणि रूमच. अमेरिकेत एम.एस. केलं की विद्यार्थी व्हिसावर बारा महिने नोकरी करता येते, विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना वर चोवीस महिने. ब्रिटननेही २०२१पासून पदवीनंतर थांबायची मुभा दिली. म्हणजे रूमची मुदत सरकारच वाढवून देतं. मुलगा ज्या गावात शिकला त्याच्या आसपासच पहिली नोकरी शोधतो, कारण घड्याळ चालू असतं. आमच्या गावचा एक जण तिकडच्या कॉलेजच्या गावातच स्थायिक झालाय. त्याच्या आईला त्या गावाचं नाव उच्चारता येत नाही. ती म्हणते, ‘त्याच्या रूमवर आहे तो.’ रूम सोडून त्याला बारा वर्षं झाली. घर आहे त्याचं.

*

मुलींचं सगळंच निराळं. २०११च्या जनगणनेने देशात ४५ कोटींहून जास्त लोक जन्मगाव किंवा आधीचं गाव सोडलेले मोजले. स्थलांतराची कारणं विचारली जातात त्यांत नोकरी, धंदा, शिक्षण, लग्न असे रकाने असतात. बायकांच्या बाबतीत सगळ्यांत मोठा रकाना लग्नाचा. शिक्षणाचा त्यापुढे चिमूटभर. पण आमच्या गोदाकाठी हे दोन रकाने एकमेकांत मिसळलेत आणि जनगणनेवाल्याकडे त्याचं घर नाही.

माझ्या आत्यांच्या पिढीत मुलगी जिथे दिली तिथे गेली. त्यांना शिक्षणाने कुठे नेलं नाही, सोयरिकीने नेलं. मग एसटीने मुलींना बारावीपर्यंत मोफत पास दिला, अहिल्याबाई होळकरांच्या नावाने. त्यापुढे पिंपळगाव आणि निफाडची मविप्रची कॉलेजं मुलींनीच भरली, कारण ती अप-डाऊनची होती. अप-डाऊन हा आमच्याकडे मुलीच्या शिक्षणाचा परवाना. ‘कॉलेज अप-डाऊनचं आहे ना, मग जाऊ दे.’ ज्यांना तेही जमलं नाही त्यांच्यासाठी मुक्त विद्यापीठ होतं. १९८९ला नाशिकलाच स्थापन झालेलं, ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद असलेलं. घरोघरी हा शब्द तिथे शब्दशः खरा आहे. माझ्या वहिनीने तीन वर्षं रात्री भांडी झाल्यावर बी.ए. केलं आणि तिच्या पदवीने तिला उंबऱ्याबाहेर एक पाऊलही नेलं नाही. तिला तसं नकोही होतं, असं ती म्हणते. मी तिला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिने आधी पोळी उलटली आणि मग उत्तर दिलं.

आता मुली रूमवर जायला लागल्या आहेत, आणि गावाचा खरा धाक तिथे आहे. नाशिक-पुण्यात चार वर्षं राहिलेली मुलगी मळ्यावर नांदायला येत नाही. का येऊ नये, यावर पारावर कितीही चर्चा होवो, ती येत नाही. द्राक्षबागायतदाराची पाच-सहा एकर बाग, बंगला, दारात चारचाकी, तरी स्थळाच्या बायोडेटात ‘नोकरी – पुणे’ नाही म्हणून बोलणं पुढे सरकत नाही. डिसेंबर २०२२मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुणांनी बाशिंग बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला, तेव्हा लोक हसले. आमच्याकडे त्या दिवशी फारसं कुणी हसलं नाही. पासवाल्या पोरांनी गाव राखलं आणि त्यांच्या वयाच्या मुली रूमवर गेल्या, एवढं साधं ते गणित आहे. मुली परत याव्यात म्हणून काय करावं, हे पोरं विचारतात. पुण्याच्या रूमवर तिला जे मिळालं ते मळ्यावर काय मिळेल, हे मात्र कुणी विचारत नाही. रात्री आठला एकटीने आइस्क्रीम खायला जाता येणं, एवढंसुद्धा त्यात येतं.

*

या जुलैत मी गावी होतो. चुलतभावाची मुलगी बारावी झालीय, इंजिनिअरिंगच्या ऑप्शन फॉर्मची शेवटची रात्र होती. २०२४पासून आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक शिक्षणाची फी माफ झाली. त्याआधी घरात एक सोयीचं उत्तर असायचं, की पुण्याची फी झेपणार नाही. ते उत्तर सरकारने काढून घेतलंय. फी गेली, रूम राहिली.

आण्णा आता ऐंशीचे आहेत. ओट्यावरच्या खुर्चीत बसले होते. पुतणीने यादी वाचून दाखवली. पहिली सहा नावं पुण्याची, सातवं नाशिकचं, आठवं पुन्हा पुण्याचं.

‘यातलं अप-डाऊनचं कोणतं?’ आण्णांनी विचारलं.

‘सातवं, आण्णा.’

‘ते वर घे की मग.’

ती माझ्याकडे बघायला लागली. भाऊही माझ्याकडेच बघत होता. तेहतीस-चौतीस वर्षांपूर्वी याच ओट्यावर माझ्या कॉटचा निकाल लागला होता, तेव्हा तो खांबाला टेकून असाच उभा होता. मी म्हटलं, ‘तिला हवं तसं राहू दे, आण्णा.’ भाऊ काही बोलला नाही. आतून वहिनी म्हणाली, ‘राहू द्या तसंच.’ एवढंच, पण जरा मोठ्याने.

फॉर्म पक्का करायला ओटीपी लागतो. घरातला कधीही न बदललेला मोबाइल नंबर आण्णांचा, म्हणून सगळ्या सरकारी कामांना तोच दिलेला. आण्णांच्या खिशात फोन वाजला. त्यांनी तो बाहेर काढला, हात लांब करून धरला, मग म्हणाले की चष्म्याशिवाय दिसत नाही. चष्मा त्यांच्या सदऱ्याच्या खिशातच होता. आम्हा सगळ्यांना दिसत होता. पुतणी मोबाइलवरचं घड्याळ बघत उभी राहिली. आण्णा उशी उचलून बघत होते, खुर्चीखाली बघत होते.

‘सापडेल,’ ते म्हणाले. ‘घाई काय आहे.’